दिनविशेष : २ नोव्हेंबर १८३४
कोलकात्याहून निघालेले ‘ॲटलस’ जहाज या दिवशी मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदराला लागले. त्यावर छोटा नागपूरकडचे ३६ मजूर होते. पाच वर्षांचा करार, काम उसाच्या मळ्यात. पगार महिना पाच रुपये, त्यातलाही एक परतीच्या भाड्यापोटी कापलेला. गुलामगिरी कायद्याने संपत आली होती आणि गोऱ्या मळेवाल्यांना स्वस्त माणसे हवी होती. निघताना सहा महिन्यांचा पगार आगाऊ. आपल्या अंबाजोगाईकडे, जिथून दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन कोयते कारखान्यांवर जातात, हा व्यवहार कुणाला समजावून सांगायला नको. पुढे मुंबई बंदरातून रत्नागिरीकडचे मराठी लोकही तिकडे गेले. मॉरिशसच्या शाळांत मराठी आजही शिकवतात. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.