तालीम कोणाची? वर्गणी, राजाश्रय आणि मालकीचा इतिहास

सीमाभागातील बहुतेक मराठी गावांत लोकांनी स्वतःच्या पैशाने उभारलेल्या दोन वास्तू दिसतात : ग्रामदैवताचे देऊळ आणि त्याच्या आसपासची तालीम. देवळाचा इतिहास माहात्म्यकथांतून शिल्लक राहतो. तालमीचा मात्र क्वचितच लिहिला जातो. ही वास्तू कोणाच्या पैशावर चालली आणि तिच्यावर हुकूम कोणाचा चालला, हा प्रश्न आम्हांला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

प्रथम शब्दच पाहू. ‘आखाडा’ संस्कृत ‘अक्षवाटा’तून आला; ‘तालीम’ अरबीतून आली व तिचा मूळ अर्थ शिक्षण; ‘वस्ताद’ आणि ‘खुराक’ फारसीतून आले. या शब्दांनी मराठीत घर केले, त्याप्रमाणे तालमीतही जातिधर्माच्या भिंती पुष्कळ अंशी सैल झाल्या. आखाड्याच्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मिसळावे लागते, आणि हा खर्च एकदा करून संपत नाही. गावाने तो घरटी वर्गणीतून भागवला. जत्रेच्या वर्गणीतून कुस्त्यांची इनामे ठरत. पोरांची नारळावरची कुस्ती आणि अखेरची मोठ्या इनामाची कुस्ती एकाच निधीवर होत असे. जो वर्गणी देई, त्याला पंचांना हिशेब विचारण्याचा अधिकार असे. लोकसत्तेचा हा पाठ आपल्या खेड्यांनी घटना लिहिली जाण्यापूर्वीच गिरवला होता.

दुसरा मार्ग राजाश्रयाचा. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपास गेले असता रोममधील प्राचीन क्रीडागार त्यांच्या पाहण्यात आले. तशा धर्तीचे कुस्तीमैदान कोल्हापुरात असावे हा विचार पुढे साकार झाला आणि १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. मध्यभागी आखाडा व सभोवार चढती बैठक अशी त्याची रचना असल्याने दूर बसलेल्या सामान्य शेतकऱ्यालाही कुस्ती दिसते. मैदान दरबाराच्या पैशाचे, पण त्यात उतरणारे मल्ल आणि बघणारा समाज गावोगावच्या तालमींनी घडविलेला. वर्गणीची तालीम नसती तर दरबारी मैदान ओसाडच राहिले असते.

बडोद्याचे उदाहरण आम्हांला याहून बोलके वाटते. तेथील जुम्मादादा हे मुसलमान वस्ताद. त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी गुरूच्या नावाने जुम्मादादा व्यायाममंदिराची परंपरा वाढविली. सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानात व्यायामाला आदर होता आणि माणिकरावांना ‘राजरत्न’ ही पदवी लाभली. तथापि संस्थेची शिस्त व शिक्षणक्रम गुरुशिष्यांच्याच हाती राहिला. माणिकरावांनी सांघिक व्यायामासाठी इंग्रजी आज्ञांऐवजी हिंदी आज्ञा योजल्या. पटांगणावर कोणती भाषा ऐकू यावी हे संस्थेनेच ठरविले, ही गोष्ट आम्ही अधोरेखित करू इच्छितो. बडोदे राज्यातील डभोई येथे जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे याच माणिकरावांचे शिष्य. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला व्यायामज्ञानकोशही बडोद्यातच, दहा खंडांत, मराठीत सिद्ध झाला. आजच्या महाराष्ट्राच्या सीमेबाहेर मराठी भाषेने केवढे काम केले आहे, याचा हा पुरावा होय.

१९४९ साली कोल्हापूर व बडोदे ही संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली आणि दरबारी आधार संपला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. १ मे १९६० रोजी बडोदे गुजरातेत राहिले. सरकारे बदलली की अनुदानाचे अर्ज, कार्यालये आणि फलक यांची भाषाही बदलते. ज्या संस्थेचा श्वासच अनुदानावर चालतो, तिला ही भाषा मुकाट्याने स्वीकारावी लागते. जिची मुळे घरटी वर्गणीत आहेत, ती निदान आपले म्हणणे ताठ मानेने मांडू शकते.

याचा अर्थ सरकारी मदत नाकारावी असा नव्हे. आपण कर भरतो. क्रीडांगण, मॅट आणि व्यायामाची साधने यांवर आपलाही हक्क आहे. मात्र मदत घेताना जागेचा उतारा कोणाच्या नावे राहील, विश्वस्त कोण निवडील आणि दप्तर कोणत्या भाषेत ठेवले जाईल, हे तीन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. इमारत नवी झाली आणि किल्ली परक्या हाती गेली, तर तीत गावाचे काय उरले?

आमची वाचकांस विनंती एवढीच : आपल्या तालमीच्या जुन्या वर्गणीवह्या, जत्रेचे जमाखर्च आणि इनामांच्या याद्या रद्दीत जाऊ देऊ नका. त्या बहुधा मोडीत वा साध्या मराठीत लिहिलेल्या असतील. मालकीचा प्रश्न उद्या उपस्थित होईल, तेव्हा भावनेपेक्षा त्या वह्याच अधिक उपयोगी पडतील.