गाडी दुसऱ्याच्या हाती, भरपाई कोणाच्या माथी?

हरमलचे अंतर्गत रस्ते मुळात गावाच्या गरजेपुरते होते. आता मांद्रे, आश्वे, मोरजीकडून येणारी पर्यटकांची वाहने, केरी-तेरेखोलच्या दिशेने जाणाऱ्या दुचाक्या आणि मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाकडची ये-जा असा सारा भार पेडणे तालुक्याच्या या किनारी भागावर पडतो. येथील अनेक अपघातांत गाडी चालवणारा हा गाडीचा मालक नसतो. गाडी भाड्याने घेतलेली असते, मित्राकडून मागून आणलेली असते किंवा दुरुस्तीसाठी दिलेली असते. अपघातानंतर चालक मालकाकडे बोट दाखवतो, मालक चालकाकडे आणि विमा कंपनी पॉलिसीतील अटींकडे. इस्पितळात पडलेल्या जखमीला मात्र एकच प्रश्न भेडसावत असतो, तो म्हणजे पैसे देणार कोण?

दोन वाद, दोन उत्तरे

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार प्रत्येक वाहनाला त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा, म्हणजेच थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. चालकाच्या निष्काळजीपणामुळे कोणी मृत्युमुखी पडले किंवा जखमी झाले, तर चालक, नोंदणीकृत मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही दाव्यात प्रतिवादी करता येते.

येथे दोन वेगळे वाद असतात. पहिला वाद जखमी आणि हे तिघे यांच्यात असतो. अपघात कोणाच्या चुकीने झाला आणि नुकसान किती झाले, हे त्यात ठरते. दुसरा वाद मालक आणि विमा कंपनी यांच्यात असतो. पॉलिसीच्या अटीचा भंग झाला होता का आणि अंतिम भार कोणावर पडावा, हा त्याचा विषय. दुसऱ्या वादापायी जखमीची भरपाई अडून राहू नये, अशी न्यायालयांची भूमिका राहिली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मधील स्वर्ण सिंग खटल्यात ही भूमिका विस्ताराने मांडली. केवळ अटीचा भंग झाला, एवढे म्हणून कंपनीला सुटता येत नाही. त्या भंगात मालकाचा दोष होता, हे कंपनीने सिद्ध करावे लागते. ते सिद्ध झाल्यावरही, आधी जखमीला रक्कम द्या आणि मग ती मालकाकडून वसूल करा, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते.

गोव्यातून गेलेला खटला

गाडी दुसऱ्याच्या ताब्यात असताना जबाबदारी कोणाची, या प्रश्नावरील एक महत्त्वाचा निवाडा गोव्यातीलच आहे. गुरू गोवेकर खटला या नावाने तो ओळखला जातो आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल दिला. मालकाने मोटार दुरुस्तीसाठी दिली होती. दुरुस्ती करणाऱ्याने कामाला लावलेल्या मेकॅनिकच्या निष्काळजीपणामुळे ती सार्वजनिक जागी एका महिलेवर आदळली व ती जखमी झाली. मेकॅनिक हा मालकाचा नोकर नव्हता, त्यामुळे विमा कंपनीने जबाबदारी नाकारली. न्यायालयाने हा युक्तिवाद अमान्य केला. विमा नसलेले वाहन सार्वजनिक जागी कोणालाही वापरू देण्यास कायद्याने मनाई आहे. ज्याच्या हाती वाहन सोपवले, त्याच्या वापरालाही विम्याचे संरक्षण असावे, हाच त्या मनाईचा अर्थ होतो. म्हणून भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर टाकण्यात आली. त्या वेळी १९३९ चा जुना कायदा लागू होता. विम्याच्या सक्तीचे तेच तत्त्व आजच्या कायद्याच्या कलम १४६ मध्ये कायम आहे.

खासगी क्रमांकाची गाडी भाड्याने दिली तर

दुरुस्तीसाठी दिलेली गाडी आणि भाड्याने दिलेली खासगी गाडी यांत मोठा फरक आहे. रेंट-अ-कार म्हणून रीतसर नोंद झालेल्या मोटारीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात आणि तिचा विमाही व्यावसायिक वापराचा असतो. पांढऱ्या पाटीची खासगी मोटार पैसे घेऊन पर्यटकाला दिली, तर परवान्याविना भाडोत्री वापर झाला, असा बचाव घेण्याचा अधिकार कायद्याचे कलम १५० विमा कंपनीला देते.

समजा, अशा मोटारीने हरमल येथे दुचाकीवरून जाणाऱ्या ३२ वर्षांच्या एका व्यावसायिकाचा बळी घेतला. त्याचे मासिक उत्पन्न २०,००० रुपये होते आणि पत्नी व दोन मुले त्याच्यावर अवलंबून होती. भरपाई मोजण्याची रीत २००९ मधील सरला वर्मा आणि २०१७ मधील प्रणय सेठी या निवाड्यांनी घालून दिली आहे. वार्षिक उत्पन्न २,४०,००० रुपये. त्यात भावी वाढीपोटी ४० टक्के मिळवल्यावर ३,३६,००० रुपये. मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा केल्यावर २,२४,००० रुपये उरतात. या वयासाठी १६ चा गुणक आहे. म्हणजे ३५,८४,००० रुपये. अंत्यसंस्काराचा खर्च, सहवासाची हानी आदींच्या ठरावीक रकमा आणि व्याज याखेरीज.

परवान्याविना चालवलेल्या वाहनाबाबत २०१८ मधील अमृत पॉल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीला आधी रक्कम भरण्यास आणि नंतर ती मालक व चालकाकडून वसूल करण्यास सांगितले. तोच न्याय वरील उदाहरणाला लागला, तर मृताच्या कुटुंबाला पैसे मिळतील. मात्र ३५ लाखांहून अधिक रकमेची वसुली मालकावर येईल. ही वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे करता येते, म्हणजे घर आणि जमीनही त्यातून सुटत नाही. पर्यटक हंगाम संपताच निघून जातो. स्थावर मालमत्ता गावात असते ती मालकाची.

परवाना, मद्य आणि अल्पवयीन चालक

चालकाकडे वैध परवाना नसणे हा विमा कंपनीचा नेहमीचा बचाव आहे. मालकाने गाडी देताना परवाना पाहिला होता का, हा प्रश्न तेथे निर्णायक ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीने मद्य किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली वाहन चालवणे हेही बचावाचे कारण म्हणून कायद्यात आले. अल्पवयीनाच्या हाती गाडी गेली, तर कलम १९९अ नुसार पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

गाडी विकली, पण नोंदणी पुस्तिकेवरील नाव बदलले नाही, तर जुना मालकच जबाबदार ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधील नवीन कुमार खटल्यात तसा स्पष्ट निर्णय दिला आहे. विक्रीचा साधा करार खिशात असणे पुरेसे नाही.

चूक दोघांची असेल तर

अरुंद रस्त्यावरील समोरासमोरच्या धडकेत जखमीचीही चूक होती, असा युक्तिवाद हमखास होतो. तो सिद्ध झाल्यास जखमीच्या चुकीच्या प्रमाणात भरपाई कमी होते. मात्र ती चूक पुराव्याने दाखवावी लागते. दुचाकीवर तिघे होते, एवढ्यावरून मागे बसलेल्याची भरपाई कापता येत नाही, असे २०२० मधील मोहम्मद सिद्दिकी खटल्यात न्यायालयाने म्हटले आहे. दोन वाहनांच्या चुकीने तिसराच जखमी झाला, तर तो दोघांपैकी कोणा एकाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो. फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला, तरी दाव्याचा निकाल त्यावर अवलंबून नसतो. येथे संशयातीत पुराव्याची नव्हे, तर अधिक संभाव्य काय, याची कसोटी लागते.

गाडीत बसलेल्यांची स्थिती वेगळी आहे. केवळ थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर खासगी मोटारीतील प्रवासी किंवा दुचाकीवर मागे बसलेली व्यक्ती तीत येत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत ती येते. मागून आणलेली गाडी चालवताना स्वतःच्याच चुकीने इजा झाली, तर चालक मालकाच्या जागी धरला जातो आणि त्याला त्रयस्थ म्हणून दावा करता येत नाही.

दावा कोठे आणि कधी

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल होतो. अपघात जेथे झाला, दावेदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो अथवा प्रतिवादी जेथे राहतो, त्यांपैकी कोणतेही ठिकाण दावेदार निवडू शकतो. हरमलला जखमी झालेला सावंतवाडीचा रहिवासी सिंधुदुर्गातही दावा करू शकतो. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत लागू झाली आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असून, केवळ मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये देण्यात आला. तरीही सहा महिन्यांच्या आत दावा करणेच सुरक्षित.

चूक सिद्ध न करताही कलम १६४ नुसार मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर इजेसाठी २.५ लाख रुपये मिळतात. मात्र ही रक्कम स्वीकारली, की मोठ्या भरपाईचा दावा संपुष्टात येतो. त्यामुळे सही करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेणे आवश्यक आहे. ठोकर देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर शासकीय योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर इजेसाठी ५०,००० रुपये दिले जातात. निकाल मान्य नसल्यास ९० दिवसांत मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे अपील करता येते. वादातील रक्कम एक लाखाहून कमी असेल, तर अपील नाही.

पहिले काही दिवस

वादाचा निकाल पुष्कळदा पहिल्या काही दिवसांतील कागदांवर ठरतो. जखमीला उपचार मिळवून देणे आणि २४ तासांच्या आत पोलीस स्थानकात माहिती देणे ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. २०२५ च्या रोखरहित उपचार योजनेनुसार पहिल्या सात दिवसांत १.५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार नियुक्त इस्पितळांत विनामूल्य मिळू शकतात. पोलिसांनी प्राथमिक अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला सादर करायचा असतो. जखमीच्या बाजूने पंचनाम्याची प्रत, इस्पितळाची कागदपत्रे, उत्पन्नाचा पुरावा, साक्षीदारांची नावे आणि वाहने हलवण्यापूर्वीची छायाचित्रे जपून ठेवावीत. गाडी भाड्याची होती का, याची नोंद पोलीस जबाबात व्हावी, असाही आग्रह धरावा.

मालकासाठी काळजीची वेळ अपघाताआधीची आहे. किल्ली हाती देण्यापूर्वी विम्याची मुदत, पॉलिसीतील वापराचा प्रकार आणि घेणाऱ्याचा परवाना तपासून त्याची प्रत ठेवली, तर न्यायाधिकरणापुढे मांडायला काही तरी हाती असते. खासगी गाडी दिवसाच्या भाड्यावर देणाऱ्याला मात्र परवान्याची प्रत वाचवू शकत नाही. भाडोत्री वापर हाच तेथे अटीचा भंग ठरतो.