ख्रिस बोरलँडने २४ व्या वर्षी फुटबॉल का सोडला?

सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघाचा लाइनबॅकर ख्रिस बोरलँड याने १६ मार्च २०१५ रोजी निवृत्ती जाहीर केली, तेव्हा तो २४ वर्षांचा होता. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे 'एनएफएल'मध्ये, त्याचा एकच हंगाम झाला होता आणि तो उत्तम गेला होता. संघाने त्याला काढले नव्हते की कारकीर्द संपवणारी दुखापतही झाली नव्हती. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांमुळे पुढे मेंदूचे काय होईल, ही धास्ती एवढेच कारण त्याने दिले. त्याआधीही अनेक खेळाडूंनी डोक्याच्या दुखापतींमुळे खेळ सोडला होता, पण ते नुकसान झाल्यावर. बोरलँड ते होण्याआधीच बाहेर पडला, म्हणून त्याच्या निर्णयाची एवढी चर्चा झाली.

लाइनबॅकर नेमके काय करतो?

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात; त्याला तेवढे सरकू न देणे हे समोरच्या बचावफळीचे काम. या फळीत सगळ्यांत पुढे धिप्पाड लाइनमन, सगळ्यांत मागे चपळ कॉर्नरबॅक आणि सेफ्टी, तर मधल्या जागेत लाइनबॅकर असतात. चेंडू घेऊन धावणारा पुढची भिंत फोडून आला की त्याला पकडून खाली पाडायचे, यालाच 'टॅकल' म्हणतात. त्याआधी धावणाऱ्याला वाट करून देणारा, बहुतेक वेळा जास्त वजनाचा ब्लॉकर अंगावर घ्यावा लागतो.

लाइनबॅकरची किंमत मुख्यतः त्याने किती टॅकल केले यावर ठरते आणि प्रत्येक टॅकल म्हणजे एक टक्कर. हेल्मेटमुळे कवटी फुटत नाही, पण धक्क्याने कवटीच्या आत मेंदू हलतो, तो हेल्मेटला थांबवता येत नाही. थोडक्यात, खेळाडू जितका चांगला, तितक्या त्याच्या टकरा जास्त.

केटरिंग ते सॅन फ्रान्सिस्को

बोरलँडचा जन्म २१ डिसेंबर १९९० चा, गाव ओहायो राज्यातले केटरिंग. विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून खेळताना २००९ मध्ये तो 'बिग टेन' या विद्यापीठीय गटाचा सर्वोत्तम नवोदित ठरला. पुढच्या वर्षी खांद्याच्या दुखापतीने जवळजवळ पूर्ण हंगाम वाया गेला. तरीही २०१३ मध्ये तो त्याच गटाचा सर्वोत्तम बचावपटू झाला. उंची सहा फुटांच्या आतच असल्याने व्यावसायिक संघ त्याच्याबाबत साशंक होते. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये फोर्टीनाइनर्सनी त्याला तिसऱ्या फेरीत, एकूण ७७ व्या क्रमांकावर निवडले. करार चार वर्षांचा आणि सुमारे २९ लाख डॉलरचा होता.

संघाचे दोन्ही नामांकित लाइनबॅकर जायबंदी झाल्याने त्याला संधी मिळाली. नवारो बोमन आधीपासूनच बाहेर होता आणि पॅट्रिक विलिस ऑक्टोबरमध्ये पायाच्या दुखापतीने गेला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सेंट लुईस रॅम्सविरुद्ध बोरलँडने १८ टॅकल केले. दोन आठवड्यांनी न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध १६-१० अशी आघाडी असताना, शेवटच्या मिनिटांत गोलरेषेजवळ त्याने सामन्यातला आपला दुसरा पास हिसकावला आणि सामना वाचवला. घोट्याच्या दुखापतीने हंगामाचा शेवट चुकला, पण १४ सामन्यांत १०७ टॅकल झाले होते. यांपैकी सुरुवातीपासून मैदानात होता असे सामने फक्त आठ.

निर्णय कसा झाला?

या यशाच्या आधीच शंकेने मूळ धरले होते. ऑगस्ट २०१४ च्या सराव शिबिरात एका टकरीनंतर त्याला डोक्याला हादरा बसल्यासारखे, म्हणजे कन्कशनसारखे वाटले. संघात जागा पक्की करायची असल्याने तो तसाच खेळत राहिला, असे त्याने पुढे सांगितले. शाळेत असताना त्याला दोनदा कन्कशन झाले होते. आपण हे काय करतो आहोत, असा प्रश्न त्याला त्या शिबिरात पडला.

हंगामानंतर त्याने संशोधन वाचले, तज्ज्ञांशी आणि माजी खेळाडूंशी बोलणे केले. पिट्सबर्ग स्टीलर्सचा माइक वेबस्टर २००२ मध्ये वारला. त्याच्या मेंदूत डॉ. बेनेट ओमालू यांना 'सीटीई' हा ऱ्हासाचा आजार आढळला होता. ज्युनियर सो तर बोरलँडच्याच जागेवर खेळणारा, महान गणला गेलेला लाइनबॅकर. त्याने २०१२ मध्ये आत्महत्या केली आणि त्याच्याही मेंदूत सीटीई सापडला. या आजाराची मोठी अडचण अशी की त्याचे खात्रीचे निदान मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते. त्यामुळे 'लक्षणे दिसली की थांबू' हा हिशेब बोरलँडला पटला नाही.

करारापोटी मिळालेल्या सुमारे ६ लाख १७ हजार डॉलरच्या बोनसपैकी तीन चतुर्थांश रक्कम त्याला परत करावी लागली. निर्णयाचा आदर असल्याचे सांगतानाच, फुटबॉल पूर्वी कधी नव्हता इतका सुरक्षित झाला आहे, असे लीगने म्हटले. पुढे वर्षभरात, मार्च २०१६ मध्ये, लीगच्याच वरिष्ठ उपाध्यक्षांनी अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधींसमोर फुटबॉल आणि सीटीई यांसारखे मेंदूचे विकार यांचा संबंध मान्य केला.

२०१७ मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी एनएफएलमधील १११ मृत खेळाडूंचे मेंदू तपासले; ११० मध्ये सीटीई होता. हा आकडा नेहमी अर्धवट सांगितला जातो. मेंदू दान करणाऱ्या कुटुंबांना बहुधा आधीच संशय असतो, त्यामुळे सर्व खेळाडूंत हेच प्रमाण असेल असे त्यावरून म्हणता येत नाही.

बोरलँड पुन्हा मैदानात उतरला नाही. त्याच्या निवृत्तीनंतर खेळाडूंची रांग लागेल, हा अंदाज मात्र खरा ठरला नाही. कॅरोलिना पँथर्सचा ल्यूक कीकली या नावाजलेल्या लाइनबॅकरने जानेवारी २०२० मध्ये २८ व्या वर्षी खेळ थांबवला, तो आठ हंगाम आणि अनेक कन्कशननंतर.