क्युरींच्या घरची दुसरी मुलगी

मेरी क्युरीचे चरित्र आपल्यापैकी बहुतेकींनी शाळेत वाचलेले असते. गळक्या छपराची ती शेड, उकळत्या कढया आणि अंधारात चमकणारे रेडियम हे सारे डोळ्यांपुढे उभे राहते. पण त्याच चरित्रात १९०४ सालच्या डिसेंबर महिन्यातील एक दिवस सहसा एका ओळीत उरकला जातो : क्युरींना दुसरी मुलगी झाली. त्या एका ओळीमागे काय काय असते हे आम्हां बायकांना कोणी सांगायला नको. म्हणून मंडळाच्या या अंकात त्या दिवसाविषयीच लिहावे असे मनात आले.

पहिले बाळंतपण माहेरी, असा आपला रिवाज. मेरीचे माहेर दूर वॉर्साला, आणि आई तर ती दहा वर्षांची असतानाच क्षयाने गेलेली. १२ सप्टेंबर १८९७ रोजी थोरली इरेन जन्मली तेव्हा सासरे डॉ. यूजीन क्युरी यांनीच सुनेचे बाळंतपण केले. सासूबाई त्याच महिन्यात कर्करोगाने वारल्या, आणि पुढे म्हातारे सासरे मुलाच्या घरी राहावयास आले. आई प्रयोगशाळेत आणि नात आजोबांपाशी, असा त्या घराचा क्रम पडला. आजोबांच्या आधारावर रेडियम सापडले असे म्हटले तर शास्त्रज्ञ हसतील. पण मूल घरी ठेवून कामावर जाणारी बाई हसणार नाही.

१९०३ साली मेरीला पुन्हा दिवस राहिले. त्याच वर्षी जूनमध्ये तिने आपला प्रबंध सादर करून डॉक्टरेट मिळविली. ऑगस्टमध्ये, पाचव्या महिन्यात, गर्भ गेला. मुलगी होती. बहिणीला लिहिलेल्या पत्रात मेरीने सारा दोष स्वतःकडे घेतला आहे : अंगात शक्ती आहे या भरवशावर फार राबले, त्याची ही किंमत. ज्या रेडियमच्या भांड्यांशी ती दिवसरात्र उघड्या हातांनी वावरत होती, त्यांच्यावर मात्र तिचा संशय गेला नाही. आज आपण ते वाचतो तेव्हा पहिली शंका तिथेच येते. तेव्हा ती धन्वंतरींनाही आली नसती.

ज्या बहिणीला हे पत्र गेले ती ब्रोन्या. तिच्याविषयी थोडे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. दोघींनाही शिकायचे होते, वॉर्साचे विद्यापीठ मुलींना बंद आणि घरात पैसा नाही. तेव्हा धाकटीने थोरलीला सांगितले, आधी तू पॅरिसला जा, डॉक्टर हो. तोवर मी नोकरी करीन. १८८६ च्या जानेवारीत मेरी, म्हणजे तेव्हाची मान्या, एका खेड्यात जमीनदाराच्या घरी मुलांची शिक्षिका म्हणून राहिली. तीन वर्षांहून अधिक काळ तिने परक्या घरी काढला आणि पगारातील जवळजवळ निम्मे पैसे बहिणीला धाडले. ब्रोन्या डॉक्टर झाली आणि १८९१ मध्ये मान्या तिच्याच घरी पॅरिसला उतरली. हा करार कोठे कागदावर नव्हता. पुढे ब्रोन्या आणि तिचे डॉक्टर यजमान पोलंडकडे परतले आणि झाकोपाने या डोंगरगावी त्यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले.

मेरीचे मूल गेले त्याच सुमारास ब्रोन्याचाही धाकटा मुलगा गेला. क्षयाचा विकार मेंदूच्या आवरणात उतरला आणि थोड्याच दिवसांत सारे आटोपले. आईबाप दोघेही क्षयाचे डॉक्टर! ही बातमी ऐकल्यापासून मेरीला इरेनकडे पाहतानाही धडकी भरे.

आणि याच वर्षाअखेर नोबेल पारितोषिक आले! बक्षिसाच्या रकमेतून मेरीने ब्रोन्याच्या आरोग्यधामाला वीस हजार क्राउन उसने दिले, घरात एक नवे न्हाणीघर केले, एका खोलीचा भिंतीवरचा कागद बदलला. बाकी पारितोषिकाने दिला तो त्रासच. वर्तमानपत्रवाले दाराशी बसले. त्यांनी सहा वर्षांच्या इरेनचे दाईशी चाललेले बोलणे छापले, घरातले काळेपांढरे मांजरदेखील सोडले नाही. नवऱ्याचे सांधे धरलेले, तिचे शरीर थकलेले. अशात १९०४ साली तिसऱ्यांदा दिवस राहिले. शेवटच्या महिन्यांत ती अगदी खचली. या कठीण जगात आणखी एक जीव कशाला आणावयाचा, असे ती म्हणे. हे आपल्याला ठाऊक आहे ते त्या जिवानेच पुढे लिहून ठेवले म्हणून.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून मेरीला पतीच्या प्रयोगशाळेत वर्षाला २,४०० फ्रँकची रीतसर जागा मिळाली होती. रेडियम सापडले ते बिनपगारी. पगार आला तो आठवा महिना सरत असताना.

आता या वेळी ब्रोन्या आली. माहेरी जाणे नव्हते, तर माहेरच दारी आले म्हणायचे. मंगळवार, ६ डिसेंबर १९०४. बाळंतपण जड गेले. शेवटी गुटगुटीत, डोक्यावर काळे जावळ असलेली मुलगी झाली. तिचे नाव ठेवले ईव्ह. खाटेवर एक बहीण, उशाशी दुसरी; दोघींच्याही कुशीतले एकेक मूल मागच्या वर्षी गेलेले. त्या खोलीत काय बोलणे झाले ते कोणी टिपून ठेवलेले नाही. ईव्ह एवढेच सांगते की मावशीच्या शांत वागण्याने आईच्या मनावरचे मळभ बरेच ओसरले आणि ती परत गेली तेव्हा घर पूर्वीपेक्षा स्वस्थ झाले होते. पुढच्या मार्चमध्ये मेरीने भावाला लिहिले, त्या पत्रात धाकटी मुळीच झोपत नाही, जागेपणी पाळण्यात टाकली की तक्रार करते, शांत होईपर्यंत कडेवर घ्यावी लागते, असा मजकूर आहे. दोन नोबेल मिळविणारी ही बाई रात्री मूल खांद्यावर घेऊन फेऱ्या घालीत होती, हे वाचून मला तर फार बरे वाटले.

१९ एप्रिल १९०६ रोजी पिएर क्युरी मालगाडीच्या घोड्यांखाली सापडून गेले. ईव्ह तेव्हा सोळा महिन्यांची. तिला वडील आठवतच नसत. इरेन आईच्या वाटेने गेली, १९३५ मध्ये नोबेलची मानकरी झाली आणि १९५६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारली. धाकटीने पियानो हाती धरला, मग लेखणी. १९३७ मध्ये तिने लिहिलेले आईचे चरित्र जगभर गेले. प्रयोगशाळेच्या वाटेला न गेलेली ती मुलगी २००७ साली, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी वारली.

मेरी त्याआधीच, ४ जुलै १९३४ रोजी गेली होती. पॅरिसजवळच्या सो गावी पिएरशेजारी तिला पुरले. ब्रोन्या आणि भाऊ जोसेफ यांनी त्या वेळी खड्ड्यात मूठभर माती टाकली. ती त्यांनी पोलंडहून बरोबर आणली होती.