दुकानाची पायरी

स्पेन देशांत, विशेषतः सेव्हिलसारख्या दक्षिणेकडील शहरांत, संध्याकाळीं घराबाहेर पडावें, एका मद्यगृहांत पेलाभर द्राक्षासव व बशीभर तोंडीलावणें घ्यावें, उभ्याउभ्या चार गोष्टी कराव्या आणि पुढच्या मद्यगृहाची वाट धरावी, असा रिवाज आहे. या लहान बशीस 'तापा' म्हणतात. तापा म्हणजे झांकण. पेल्यांत माशी पडूं नये म्हणून त्यावर पावाचा तुकडा ठेवीत, त्यावरून हें नांव पडलें, अशी एक कथा आहे. ती खरी असो वा नसो, ऐकावयास बरी वाटते. शनिवार-रविवार साधून परगांवीं जाणारे लोक आतां अशा फेरीची आंखणी आधींच करून ठेवतात. आमच्या एका स्नेह्यांनीं अशीच फेरी वऱ्हाडांत आंखून मागितली : अमरावतीस एक संध्याकाळ आणि अकोल्यास दुसरी. काम सोपें वाटलें. परंतु कागद पुढें घेतला तेव्हां एक प्रश्न आडवा आला. वऱ्हाडांतला माणूस दुकानांत बसून खाऊं लागला तो केव्हां. आणि कोणताही माणूस कोणत्याही दुकानांत बसूं लागला तो केव्हां? या दोहोंचें उत्तर एक नाहीं.

अमरावतीची फेरी परकोटाच्या जवाहर दरवाजापासून सुरू करावी. पेंढाऱ्यांपासून येथील धनिक व्यापाऱ्यांचें रक्षण व्हावें म्हणून निजामाच्या अमलांत १८०७ सालीं ही भिंत बांधावयास घेतली. तिला पांच दरवाजे व चार खिडक्या ठेविल्या. त्या काळीं येथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकांठीं मिर्झापुरास जात असे. १८४२ सालीं एकाच व्यापाऱ्यानें लाख बैलांचा माल या वाटेनें रवाना केला, असें सांगतात. एवढ्या लांबच्या वाटेवर माणूस खाई काय? शिदोरी सोडी, किंवा झाडाखालीं तीन दगड मांडून स्वतः शिजवी. परक्याच्या चुलीवरचें अन्न हा चवीचा प्रश्न नव्हताच. तो धर्माचा प्रश्न होता. सोवळ्याच्या शास्त्रांत कोरड्या फराळास व तळणास थोडी सवलत असे. पाण्यांत शिजलेल्या अन्नास नसे. म्हणून अमरावतीचा गिला वडा हातीं घेतांना मला नेहमीं हंसूं येतें. 'गिला' म्हणजे ओला. दह्यांत भिजलेला, वर तिखट चटणी ओतलेला हा वडा, परक्या हातचा आणि भर रस्त्यावर! आमच्या पणज्यांनीं त्याकडे पाहिलें असतें तें दुरूनच.

पुढें काळ झपाट्यानें बदलला. १८५३ सालीं वऱ्हाड कंपनीच्या ताब्यांत आला. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंत यादवी माजली व तिकडचा कापूस विलायतेस जाण्याचें थांबलें, तेव्हां वऱ्हाडी कापसास सोन्याचा भाव आला. १८६७ सालीं मुंबईची आगगाडी अकोला व बडनेरा ओलांडून नागपुरास पोंचली. बाजारांत कापसाच्या गाड्या रात्रंदिवस खोळंबूं लागल्या. ज्याला घरीं परतावयास दोन दिवस लागतात, त्याची शिदोरी पहिल्याच दिवशीं संपते. भज्यांची कढई व चहाची किटली यांना बाजारपेठेच्या तोंडाशीं गिऱ्हाईक लाभलें तें असें. पुढें चहाच्या मळेवाल्यांच्या प्रचारानेंही हातभार लावला.

तरीही चहा ही साधी गोष्ट नव्हती. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं आणि त्यावरून ग्रामण्य उभें राहिलें. न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांनाही प्रायश्चित्ताच्या वादांत सांपडावें लागलें. शिकलेल्या ब्राह्मणांची ही कथा. ज्यांना चहाच्या दुकानाची पायरीच चढतां येत नसे, त्यांच्यावर ग्रामण्य कोण करणार? त्यांच्यासाठीं निराळा कप बाहेर खुंटीला किंवा कोनाड्यांत असे. तो त्यांनींच घ्यावा, त्यांनींच धुवावा आणि चहा वरून ओतला जावा. स्टेशनावर 'हिंदु पाणी' व 'मुसलमान पाणी' अशा पाट्या होत्या. दोन्ही पाट्यांखालीं ज्यांना स्थान नव्हतें, त्यांच्यासाठीं पाटी नव्हती.

आतां फेरी अंबादेवीच्या देवळापाशीं येते. येथें यात्रेकरू नारळ घेतात, मग समोर कांहीं गोडधोड घेतात. आपणही घ्यावें, परंतु क्षणभर उभें राहून. १९२७ सालीं याच देवळाचे दरवाजे अस्पृश्यांना उघडावे म्हणून पंजाबराव देशमुखांच्या पुढाकारानें सत्याग्रह उभा राहिला. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत डॉ. आंबेडकर अमरावतीच्या परिषदेचे अध्यक्ष होते. देवळाचा लढा इतिहासांत नोंदला गेला. चहाच्या कपाचा लढा मात्र बहुतेक नोंदलाच गेला नाहीं, कारण तो रोज होत होता. म्हणून राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत दुकानें व सार्वजनिक उपाहारगृहें हे शब्द वाचतांना मला तें रुक्ष कायद्याचें वाक्य वाटत नाहीं. १९५० पर्यंत आमच्या स्नेह्यांची ही फेरी कांहींच लोकांना आंखतां आली असती. कायद्यानें पाटी पुसली. खेडेगांवांतील कोनाड्यांतला कप त्यानंतरही कित्येक वर्षें टिकला.

दारोदार फिरून चार घांस खाण्याची कला या जिल्ह्यास नवी नव्हती, हेंही सांगावयास हवें. शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले गाडगे महाराज हातांतल्या गाडग्यांत कोणाचीही भाकर घेत. दारूवर त्यांचा कीर्तनांतला हल्ला असा कठोर असे कीं, आमच्या फेरींत द्राक्षासवाची जागा चहालाच दिलेली बरी. वऱ्हाडांत मद्यगृहें नाहींत असें नव्हे. पण तेथें लोक पडद्याआड बसतात, उभ्यानें गप्पा मारीत नाहींत, आणि फेरीची मौज उघड्यावर असण्यांतच आहे.

दुसरी संध्याकाळ अकोल्याची. बडनेऱ्यास गाडींत बसावें. मूर्तिजापूर मागें टाकलें कीं अकोला दूर नाहीं. मोर्णेच्या पश्चिमेस जुनें शहर व असदगड, पूर्वेस ताजनापेठ. इंग्रजी अमलांत अमरावती पूर्व वऱ्हाडाचें ठाणें झालें व अकोला पश्चिमेचें, म्हणून दोन्ही शहरांत अजून थोडी सवतीची चुरस आहे. येथें आलूबोंड्यावर तर्री मागावी आणि सांबारवडी चुकवूं नये. परमुलुखांतील पाहुण्यास आधींच सांगून ठेवावें कीं, वऱ्हाडांत सांबार म्हणजे कोथिंबीर. नाहींतर तो वाटी घेऊन वाट पाहत बसेल. मुक्काम लांबला तर शेगांवची कचोरी आहे. ती स्वातंत्र्यानंतर त्या स्थानकावर प्रसिद्धीस आली.

एक अडचण मात्र मला सोडवितां आली नाहीं. तापाचा सारा खेळ थोडें खाण्यावर चालतो, आणि थोडें खाणें वऱ्हाडी माणसास पटत नाहीं. एका दुकानांत एकच बशी चौघांत मागितली तर दुकानदार म्हणतो, "काय पाहुणे, पोट बरं नाही काय?" आणि शहरांत एखादा ओळखीचा भेटला तर सारी आंखणीच संपते; तो घरीं नेतो, पाट मांडतो आणि जेवल्याशिवाय उठूं देत नाहीं. म्हणून स्नेह्यांना पाठविलेल्या कागदाच्या तळाशीं मीं दोन ओळी वाढविल्या : चौघांनीं दोन बशा घ्याव्या, आणि अकोल्यांतील आप्तांना पत्र गाडीं सुटल्यावर टाकावें.