एकाच आवारात दोन अँटेना, दोन टॉवर : अंतर किती ठेवायचं?

हॅम रेडिओचा परवाना हाती आला की गच्चीवर पहिला अँटेना चढतो. पुढे दुसरा हवासा वाटतो, आणि जागा मात्र तेवढीच असते.

अँटेनांमधलं अंतर फुटांपेक्षा तरंगलांबीच्या हिशेबात धरतात. ३०० ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झला ती सुमारे ४२ मीटर, १४.२ ला २१, तर १४५ ला जेमतेम २ मीटर. एकाच बँडच्या दोन समांतर अँटेनांमध्ये निदान अर्धी तरंगलांबी सोडावी, हा ढोबळ नियम. म्हणजे ४० मीटर बँडला २१ मीटर! एक गुंठा साधारण १० बाय १० मीटरचा, मग एवढी जागा आणायची कुठून?

वाट निघते. दोन डायपोल समांतर न बांधता काटकोनात बांधले की एकमेकांना खूपच कमी त्रास देतात. १४५ मेगाहर्ट्झचे दोन उभे अँटेना एकाच खांबावर वर-खाली लावले, तर शेजारी-शेजारी लावण्यापेक्षा बरे चालतात. बँड वेगळे असले तरी गाफील राहू नये. ७ मेगाहर्ट्झचा डायपोल तिपटीवर, म्हणजे २१ वरही रेझोनन्सला येतो.

टॉवर हा विषय बरेच जण विसरतात. अर्थिंग केलेला १० मीटरचा लोखंडी टॉवर ७ मेगाहर्ट्झला जवळपास पाव तरंगलांबीचा होतो. त्याच बँडचा उभा अँटेना शेजारी लावला, तर टॉवर त्याची दिशाच बदलून टाकतो. ताणाच्या तारांचंही तेच. मध्येमध्ये इन्सुलेटर घालून त्यांचे तुकडे पाडावेत. दुसरा अँटेना चढवण्याआधी आणि नंतर पहिल्याचा एसडब्ल्यूआर मोजावा. आकडा हलला तर अंतर कमी पडलंय. हलला नाही तरी दिशा बिघडलेली असू शकते, एवढं लक्षात असू द्या.

विजेच्या तारांपासूनचं अंतर मात्र तरंगलांबीवर ठरत नाही. टॉवर आडवा पडला तरी त्याचं किंवा अँटेनाचं टोक तारेला लागता कामा नये; इथे तडजोड नको.

परवाना केंद्राचा, त्यामुळे बेळगाव असो वा बडोदा, नियम एकच. बांधकामाचं काय ते आपापल्या पालिकेत किंवा पंचायतीत विचारावं. आणि वळिवाच्या आधी दोन्ही टॉवरचे अर्थिंगचे खड्डे जाड तांब्याच्या पट्टीने जोडून घ्यावेत. ते सुटे राहिले तर वीज पडल्यावर एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जाणारा प्रवाह केबलमधून, तुमच्या सेटमधूनच वाट काढतो.