माणूस एक, याद्या दहा : गोंदियाच्या वयाची एक गोष्ट

धानाचे चुकारे अडकले की आपल्याकडं पहिला प्रश्न असतो, "कागद कुठं अडला?" बरेचदा कळतं की सातबाऱ्यावर नाव एक, पासबुकात दुसरं, आधारवर तिसरंच. माणूस तोच, बांधी तीच. पण प्रत्येक कॉम्प्युटरची यादी वेगळी, आणि एक यादी दुसरीला ओळखत नाही.

ही अडचण फक्त आपल्या सरकारी कारभाराची नाही. जगभरच्या हुशार प्रोग्रॅमरांनाही ती चुकली नाही.

1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा होऊन आपला गोंदिया जिल्हा झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये 'ग्नोम' या डेस्कटॉपची पहिली पक्की आवृत्ती आली. डेस्कटॉप म्हणजे कॉम्प्युटर सुरू केल्यावर दिसतो तो पडदा, खिडक्या, मेन्यू. विंडोजला पैसे मोजावे लागतात. ग्नोम मात्र लिनक्सवर फुकट चालतो, त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा. 1997 मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी हे काम सुरू केलं. पुढं आपल्या सी-डॅकच्या 'बॉस' लिनक्समध्येही हाच डेस्कटॉप आला, मराठीसकट.

पडदा झाला, पण माहितीचं काय? पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल अशा प्रत्येक डेटाबेसशी बोलायची रीत वेगळी. हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं प्रत्येकासाठी वेगळा कोड लिहायचा का? विंडोजवाल्यांकडं 1992 पासून यासाठी ओडीबीसी नावाची सामाईक सोय होती. ग्नोमवाल्यांनी आपली सोय उभी केली, तिचं नाव 'लिबजीडीए'. रॉड्रिगो मोया, व्हिव्हियन मालेर्बा यांच्यासारख्यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं.

गोंदिया स्टेशनवर मराठी, हिंदी, छत्तीसगढी, पोवारी, गोंडी सगळं ऐकू येतं. तिथं पाचही भाषा येणारा एक दुभाष्या बसवला, तर तुम्हाला एकच भाषा पुरते. लिबजीडीए हा तसा दुभाष्या. प्रोग्रॅमनं त्याला एकाच रीतीनं विचारायचं, पलीकडं कुठल्या डेटाबेसशी कसं बोलायचं ते तो बघेल.

आणि एक लक्षात घ्या. त्यानं सगळ्यांचा माल एका कोठारात भरला नाही. माहिती जिथली तिथंच राहिली, फक्त विचारायची रीत एक झाली.

मग सगळ्यांनी तो स्वीकारला का? नाही. ग्लोम, अंजुता, ग्नुमेरिक अशा काहींनी वापरला. पण 2000 साली रिचर्ड हिप यांनी 'एसक्यूलाइट' आणलं. वेगळा सर्व्हर नको, एका फाइलीत अख्खा डेटाबेस. ज्याला छोटी यादी ठेवायची, त्याला दुभाष्याची गरजच उरली नाही. शिवाय सामाईक गोष्टीची आवृत्ती बदलली की तिच्यावर उभ्या असलेल्यांनाही बदलावं लागतं. तेवढी तसदी घ्यायला सगळेच कुठं तयार असतात? ज्यानं त्यानं आपली पेटी केली.

हे मी जवळून पाहिलंय. वीसेक वर्षांपूर्वी एका छोट्या साप्ताहिकात होतो. वर्गणीदारांची यादी एका प्रोग्रॅमात, जाहिरातीची बिलं दुसऱ्यात. एकाच दुकानदाराचं नाव दोन तऱ्हेनं लिहिलेलं. एकदा पैसे भरलेल्या माणसाला आम्ही थकबाकीची चिठ्ठी पाठवली. तो ऑफिसात येऊन जे बोलला, ते इथं लिहिता येत नाही!

साप्ताहिकात निदान माफी मागून भागलं. पण ज्याचे चुकारे अडतात, त्याच्या घरची पेरणी अडते, पोरांची फी अडते.

म्हणून ही जुनी गोष्ट सांगितली. आता शेतकऱ्यांना फार्मर आयडी दिला जातोय. चांगलंच आहे. पण नंबर दिला म्हणजे याद्या आपोआप एकमेकींशी बोलतील असं नाही. त्यासाठी प्रत्येक खात्यानं एक रीत मान्य करावी लागते, आणि ती सांभाळणारा माणूस कायम बसवावा लागतो. सगळी माहिती एकाच कोठारात कोंबायचीही गरज नाही, कारण त्या कोठाराची किल्ली चुकीच्या हाती गेली तर? विचारायची रीत एक करा. आणि कोण, कशासाठी विचारतोय, ते शेतकऱ्याला कळू द्या.

तोवर दुभाष्या आपला शेतकरीच. हातात झेरॉक्सची पिशवी घेऊन तो या खिडकीतून त्या खिडकीत फिरतोय.

तुमचं नाव किती याद्यांत किती तऱ्हेनं लिहिलंय, एकदा बघा बरं.